गाव का सुटते?

यंदा भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या निमित्ताने आम्हांस नांदेड जिल्ह्यातील बिलोली येथे एका जुन्या स्नेह्यांच्या घरी तीन दिवस राहण्याचा योग आला. बिलोली हे तालुक्याचे गाव. पूर्वेस थोड्या अंतरावर मांजरा नदी, आणि नदी ओलांडली की तेलंगण. येथील बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदतात, आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही. आमच्या स्नेह्यांचा वाडा जुन्या वळणाचा. पुढे ढाळज, मध्ये चौक, भोवती सोपे आणि वर मातीचे माळवद. वर्षाचे अकरा महिने या वाड्यात दोनच माणसे असतात. एक अण्णा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आणि दुसऱ्या काकू.

आवाहनाच्या दिवशी मात्र ढाळजेत चपला काढण्यास जागा उरली नाही. पुण्याहून दोन मोटारी आल्या, हैदराबादेहून एक आली, नांदेडचे धाकटे बिऱ्हाड एसटीने आले, आणि ठाण्याची मंडळी धर्माबाद स्टेशनावर उतरून रिक्षाने येऊन पोहोचली. मुखवटे उजळले, महालक्ष्म्यांना साड्या नेसवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य होऊन एकतीस पाने उठली.

जेवणानंतर जो विषय निघाला तो माळवदाचा. मागच्या खणांवरचे माळवद दोन पावसाळे गळते आहे, एक तुळई कुजली आहे, आणि एका व्यापाऱ्याने जागेस बरी किंमतही सांगितली आहे. वाडा विकून टाकावा असे उघडपणे कोणी म्हणेना; आडवळणाने मात्र बहुतेकांनी तेच म्हटले. अडचण एकच होती. वाडा गेला तर महालक्ष्म्या कोणाकडे उभ्या करायच्या? त्या थोरल्या घरी असतात, आणि थोरले घर म्हणजे हेच. पुण्याच्या तीन खोल्यांत एकतीस पाने मांडायची कशी, याचा हिशेब दोघी सुनांनी मनातल्या मनात करून पाहिलेला दिसत होता. कारण दोघींनीही एकदमच मान हलविली.

अण्णांचा तोल गेला तो येथे. ते म्हणाले, "शहराच्या झगमगाटाने सारी पोरे ओढून नेली. येथे काय उणे होते? भाकरी होती, वाडा होता, मान होता."

यावर त्यांची पुण्यास नोकरी करणारी नात हात पुशीत बाहेर आली आणि अगदी साध्या स्वरात म्हणाली, "आजोबा, मग पणजोबा शक्करनगरला कशाला गेले होते?"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा जन्म शक्करनगरचा आहे.

मुलीने प्रश्न सहज विचारला. आमच्या मनातून मात्र तो तीन दिवस गेला नाही. शहराच्या मोहाने खेडी ओस पडली, हे गाऱ्हाणे आपण घरोघरी पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत, आणि आम्हीही ते कधीमधी लिहिले असेल. पण मोह हा शब्द आपण नेहमी धाकट्यांच्या जाण्याला लावतो. वडीलधाऱ्यांच्या जाण्यास आपण गरज म्हणतो. दोहोंत भेद तो काय, हे पाहण्यासाठी अण्णांच्या वडिलांची वाट जरा मागे जाऊन पाहिली पाहिजे.

हैदराबाद संस्थानाच्या सरकारने १९२३ ते १९३१ या काळात मांजरेवर निजामसागर हे धरण बांधले. नवाब अली नवाज जंग हे त्याचे अभियंते. धरणाचा कालवा नदीच्या पूर्वेकडून निजामाबाद जिल्ह्यात गेला. जेथे कोरडवाहू पिके होती तेथे भात आणि ऊस उभा राहिला. त्या उसासाठी १९३७ मध्ये बोधन येथे निजाम शुगर फॅक्टरी निघाली, आणि तिच्याभोवती जी वसाहत वाढली तिला शक्करनगर हे नाव पडले. आशियातील मोठमोठ्या साखर कारखान्यांत तिची गणना होई. बिलोलीहून बोधन दहा कोसांच्या आत आहे. नदी तीच, मातीही जवळजवळ तीच. पण पाणी पलीकडे वळले, आणि अलीकडची ज्वारीकापसाची शेती त्या काळी पूर्वीप्रमाणेच आभाळाकडे पाहत राहिली. ज्या तीराला पाणी आणि भांडवल मिळाले त्या तीरावर भोंगा वाजू लागला. भोंगा ऐकून माणसे नदी उतरली, यात मोहापेक्षा भूगोलाचा भाग मोठा आहे असे आम्हांस वाटते.

अण्णांचे वडील चार भावांतले दुसरे. गावचे कुलकर्णीपण थोरल्याकडे. जमीन कागदावर बरी दिसे. पण चार वाटे पडल्यावर एकेकाच्या वाट्यास जे येई त्यावर एक बैलजोडीही पुरी राबली नसती. बहिणीच्या लग्नाचे कर्ज सावकाराकडे होतेच. गृहस्थ हुशार, मोडी उत्तम, आणि संस्थानात राहून उर्दू लिहितावाचता येणारे; कारण दरबारची व कचेरीची भाषा उर्दू होती. कारखाना निघाल्यावर पहिल्या एकदोन हंगामांतच त्यांस उसाच्या वजनकाट्यावर कारकुनाची जागा मिळाली. काकूंनी आम्हांस सांगितले की, ते प्रथम केवळ गाळपाच्या हंगामापुरते जात आणि हंगाम संपला की परत येत. मग एका वर्षी कायम झाले. झगमगाट म्हणाल तर तेथे मळीचा वास होता आणि रात्रपाळी होती.

या साध्या हकीकतीत एक गोष्ट अशी आहे की जी मोठमोठ्या ग्रंथांतूनही पुष्कळदा निसटते. माणूस एका उडीत गाव सोडीत नाही. आधी तो हंगामापुरता जातो, मग एकटा राहतो, मग बायकोला नेतो, मग मुले तेथेच शाळेत जातात, आणि सर्वांत शेवटी म्हातारे आईबाप जातात किंवा जात नाहीत. प्रत्येक पायरीवर परत येण्याचा त्याचा बेत खरा असतो. बिलोलीतून शक्करनगरास, कोकणातून मुंबईस, किंवा इंग्लंडातील परगण्यांतून मँचेस्टरास गेलेल्यांपैकी फारच थोड्यांनी निघताना "आता कायमचे जातो" असे म्हटले असेल.

दुसरी गोष्ट पगाराची. कारखान्यातला पगार मोठा असे म्हणून माणसे गेली हे अर्धेच खरे. तो महिन्याच्या महिन्यास मिळे हे अधिक महत्त्वाचे. शेत वर्षातून एकदा देते आणि तेही पावसाच्या मर्जीने. ज्याला सावकाराचे व्याज महिन्याच्या हिशेबाने द्यायचे आहे त्याच्या दृष्टीने थोडा पण नेमका पैसा हा भरघोस पण अनिश्चित पिकाहून मोलाचा. त्यात संस्थानी प्रजेस आणखी एक हिशेब होता, तो आजच्या तरुणांना ठाऊक नसेल. निजामाच्या मुलखात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. साधारणपणे सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये पडत. तेव्हा सोलापूरच्या वा मुंबईच्या गिरणीतून कलदार कमावून आणणारा माणूस गावी आला की प्रत्येक सहा रुपयांमागे एक रुपया केवळ सीमा ओलांडल्यामुळे वाढे. घरच्या म्हाताऱ्यांस हे गणित पाढ्यांसारखे पाठ असे.

वाट नसेल तर गणित येऊनही उपयोग नाही. ती वाट आली १९०० च्या सुमारास. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग तेव्हा पुरा झाला; नांदेड, उमरी, धर्माबाद ही स्टेशने त्यावरच आहेत. बिलोलीस रेल्वे नाही, पण धर्माबाद जवळ. या लोहमार्गाविषयी लिहिताना आपण "प्रगती आली" असे म्हणून मोकळे होतो. त्याने गाडीत बसवून माणसे नेली, हे खरे. पण माणसांना गाडीत बसणे भाग पडावे अशी स्थितीही त्यानेच काही अंशी आणली. नांदेडची तलम वस्त्रे आणि जरीकाठी शेले एके काळी नावाजलेले होते. लोहमार्गाने गिरणीचे कापड दारी आणून टाकल्यावर हातमागावर पोट भरणाऱ्यांचे काय झाले असेल ते सांगणे नको. याच तेलुगू-मराठी सीमेवरील पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने सोलापुरास गेले. तेथे १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी, जिला पुढे लोक जुनी मिल म्हणू लागले, सुरू झाली होती. ज्या यंत्राने माग बंद पाडला त्याच यंत्राजवळ नोकरीस उभे राहावयाचे, असा तो प्रकार. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेणारे बंजारे, त्यांचाही व्यवसाय आगगाडीने आणि सडकांनी बसविला, आणि तांडेच्या तांडे मजुरीकडे वळले. पुढे १९२० च्या दशकात खुद्द नांदेडास उस्मानशाही मिल निघाली तेव्हा आसपासच्या तालुक्यांतील माणसांना जवळचे शहर मिळाले. गावरानी कापूस येथलाच, हातही येथलेच.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा मुंबईस गेलेले असतील, म्हणून तिकडेही एक दृष्टी टाकू. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिली आणि ती १८५६ मध्ये चालू झाली. १८७२ च्या शिरगणतीत शहराची वस्ती सुमारे ६ लाख ४४ हजार होती. १९११ मध्ये ती ९ लाख ७९ हजारांवर गेली. मधल्या काळात १८९६ चा प्लेग येऊन गेला आणि लाखो लोक घरदार सोडून गावाकडे पळाले, तरीही हे घडले. गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा. जमीन तुटपुंजी, खोतीचा जाच, आणि बंदरातून आगबोट थेट मुंबईस. कोकणाचे उत्तर बिलोलीच्या उत्तराहून फारसे वेगळे नाही. कोण कोठे जाणार हे मात्र पगाराने ठरत नसे. ते ठरे आधी कोण गेला आहे यावरून. गिरणीतला जॉबर आपल्याच गावचा माणूस भरी; गावकीच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळे; खाणावळ गाववाल्या बाईची असे. शक्करनगरासही तेच झाले. अण्णांचे वडील कायम झाल्यावर त्यांच्या ओळखीने त्याच आळीतील आणखी तिघे गेले. चौथा गेला नाही, कारण त्याच्या आईने विहिरीत जीव देईन म्हणून सांगितले. त्याचे वंशज आज कोठे आहेत म्हणून आम्ही विचारले, तेव्हा उत्तर आले, "हैदराबादेस."

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहावयास घेतले ती सांगतो. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशे होत्या. या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. शहरात जवळजवळ निम्म्या पुरुषांना घर नाही, असा त्याचा अर्थ. त्यांची घरे गावी होती, आणि गावी त्यांच्या बायका सासूसासऱ्यांत, जावानणंदांत राहून मुले वाढवीत होत्या, शेत पाहत होत्या, गुरे राखीत होत्या, आणि दर महिन्यास टपालवाल्याची वाट पाहत होत्या. आपल्याकडे मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. शहरांच्या इतिहासात गिरणीच्या चिमणीला जो मान मिळतो तो या मनीऑर्डरच्या पावतीस कोणी दिला नाही. आणि पैसा केवळ शहरातून गावाकडे वाहिला असेही नाही. गिरणीकामगार आजारी पडला की तो गावी येई आणि घर त्याला पोसे. संप झाला की गावी येई. १९२८ चा मुंबईचा गिरणीसंप सुमारे सहा महिने चालला, तो लोकांनी कशावर काढला असेल? गावच्या कोठीतील तांदूळनाचणीवर त्यातला मोठा भाग निघाला. म्हातारपणी तो येई तो कायमचाच. मालकाने त्याला एकट्या जिवाचा पगार द्यावा, आणि त्याचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण यांचा खर्च गावच्या एकत्र कुटुंबाने सोसावा, अशी ही वाटणी होती. ती कोणी बसून ठरविली नव्हती, पण पाळली मात्र सर्वांनी.

म्हणून एकत्र कुटुंब शहराने मोडले असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा आम्हांस संकोच वाटतो. आधी एकत्र कुटुंबाने शहर उभे केले आहे. त्याचा भार घरातील कोणत्या माणसांवर पडला हेही उघड आहे.

या संबंधात काकूंनी त्यांच्या सासूबाईंची जी आठवण सांगितली ती येथे देतो. सासरे शक्करनगरास एकटेच राहत. सासूबाई आठ वर्षे बिलोलीच्या वाड्यात. त्या स्वयंपाकघरात एकूण पाच बायका. अखेर १९४६ मध्ये सासऱ्यांना दोन खोल्या मिळाल्या आणि सासूबाई तेथे गेल्या. त्या पुढे सुनेस सांगत, की पहिल्या दिवशी भाजी फोडणीस टाकली आणि मीठ किती घालावे हे कोणास विचारावे ते समजेना. मग घातले अंदाजाने. खारट झाली. नवऱ्याने मुकाट्याने खाल्ली. "पण ती माझी खारट भाजी होती," असे त्या सुनेस सांगत. माणसे शहरात का गेली याची कारणे ज्यांनी ज्यांनी मांडली आहेत त्यांनी दुष्काळ लिहिला, कर्ज लिहिले, पगार लिहिला. चुलीचे कारण आम्ही फारसे कोठे वाचले नाही. आमच्या वाचकभगिनींपैकी कित्येकींना ते सांगावे लागणार नाही.

शहर हे काही सुखाचे आगर होते म्हणून लोक तेथे गेले असे तर मुळीच नाही. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये इंग्लंडातील कष्टकरी वर्गाच्या आरोग्याविषयी जो अहवाल दिला त्यात मँचेस्टरातील मजुरांचे मृत्युसमयीचे सरासरी वय १७ वर्षे दाखविले आहे, आणि रटलंड या शेतीच्या परगण्यातील मजुरांचे ३८. लहान मुले फार दगावत म्हणून सरासरी इतकी खाली येई हे खरे. पण शहर माणसांना गिळीत होते यात शंका नाही. तरीही १८५१ च्या शिरगणतीपर्यंत इंग्लंडातील निम्म्याहून अधिक वस्ती शहरांत गेली होती. सामाईक कुरणांना कुंपणे पडली, लहान शेतकऱ्याचा पाय गावात टिकेना, आणि मग मरणाचे भय ठाऊक असूनही तो निघाला. मोहाने माणूस जत्रेस जातो. मँचेस्टरास जाण्यास दुसरेच काही लागते.

आणखी एक कारण आहे. ते आपल्यासारख्या घरांतून बोलले जात नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहितो. अण्णा म्हणाले, "येथे मान होता." होता खरा, पण तो वाड्याच्या पुढल्या दारास होता. मागल्या दाराने येऊन चौकाबाहेर उभे राहणाऱ्यांस, ओंजळीत वरून पाणी घेणाऱ्यांस, या गावाने काय दिले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याला आदर्श मानण्यास स्पष्ट शब्दांत नकार दिला, तेव्हा पुष्कळांना ते कठोर वाटले होते. ज्यांना कठोर वाटले त्यांची घरे बहुधा गावाच्या मध्यभागी होती. गिरणीतही शिवाशिव होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचे खाते, जेथे पगार अधिक, ते अस्पृश्य मानलेल्यांस बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तरीही रस्त्याने चालताना जात विचारली जात नव्हती. या लोकांच्या दृष्टीने गाव सोडणे हे दुःख नव्हते. गावासाठी हळहळणे ही आमच्या वर्गाची चैन आहे असे कोणी म्हटले तर आम्हांजवळ त्यास चांगलेसे उत्तर नाही.

भयानेही गाव सुटते. मराठवाड्यास हे वेगळे सांगणे नको. रझाकारांच्या काळात या भागातील कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडाकडे गेली, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर झालेल्या सूडाच्या दिवसांत कित्येक मुसलमान कुटुंबांनी येथून हैदराबादेची वाट धरली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, बिलोली मुंबई राज्यात आली आणि बोधन आंध्र प्रदेशात राहिले. नदी एकाएकी राज्याची सीमा झाली. मुली द्यावयाच्या-घ्यावयाच्या थांबल्या नाहीत, पण नोकरीसाठी आता या बाजूची मुले नांदेड, औरंगाबाद, पुणे, मुंबई अशी पश्चिमेकडे पाहू लागली. १९७२ चा दुष्काळ हा त्यातला मोठा धक्का. तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारे हात पुढे चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांत, पिंपरीच्या पट्ट्यात, मुंबईच्या बांधकामांवर दिसू लागले.

आणि ज्या शक्करनगराने एका पिढीस बोलावून घेतले ते? निजाम शुगर फॅक्टरीचे १९९० नंतर दिवस फिरले. २००२ मध्ये खासगी भागीदारी झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये गाळप बंद होऊन कामगार घरी बसले. नांदेडची जुनी गिरणीही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे जाऊन अखेर बंदच पडली. जे एका पिढीचे शहर ते दुसऱ्या पिढीचे गाव होते, आणि तेथूनही पुन्हा निघावे लागते. अण्णांचे वडील निवृत्त झाल्यावर १९७० मध्ये बिलोलीस परतले. अण्णा येथेच शाळेत शिक्षक झाले. त्यांच्या मुलांच्या वेळी कारखान्याची जागा शिकवणीवर्गाने घेतली होती. बारावीसाठी एक लातुरास गेला, एक नांदेडास, आणि दोघेही परत आले नाहीत. हंगामापुरतेच गेले होते, म्हणावयाचे.

हे सारे आम्ही अण्णांस त्या रात्री ढाळजेत बसून बोलून दाखविले, अर्थात याहून पुष्कळ कमी शब्दांत. त्यांनी ऐकून घेतले. आम्ही स्वतः शहरात राहून त्यांस हे सांगतो आहोत याची जाणीव आम्हांस होती, आणि त्यांसही असावी. थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या मागे येथे वीस माणसे होती. माझी पोरे गेली तेव्हा मागे आम्ही दोघे. फरक एवढाच आहे, पण तो तुमच्या हिशेबात आला नाही."

तो आला नव्हता, हे आम्ही कबूल करतो. जोवर जाणाऱ्याच्या पाठीमागे भरलेले घर होते तोवर जाणे ही घराचीच एक शाखा होती. जमीन वाटली गेली, मुले दोनच झाली, सुना नोकरी करू लागल्या (त्यांनी करावी, खारट भाजीचा हक्क आम्ही परत मागत नाही), आणि मागे राहणाऱ्यांची संख्या घटत घटत दोनवर आली. यावर शहरास दोष देऊन भागत नाही आणि गावासही देऊन भागत नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने गळक्या माळवदाखाली रात्री कोणास हाक मारावी, हा प्रश्न तसाच राहतो.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झाले. मुखवटे कापसात गुंडाळून काकूंनी पितळी डब्यात ठेवले. त्याआधी चौकात पुन्हा एक बैठक झाली. तीत नातीने वही घेऊन हिशेब मांडला. तुळई बदलणे, मागच्या तीन खणांवरची माती उतरवून पत्रे घालणे, मजुरी, आणि रात्री सोबतीस राहील अशा एका विद्यार्थ्यास पुढची खोली बिनभाड्याने देणे. खर्चाचे पाच वाटे ठरले. हैदराबादकरांनी आपला वाटा दिवाळीनंतर पाठवितो म्हणून सांगितले. गवंडी दसऱ्यानंतर येणार आहे. व्यापाऱ्यास नाही म्हणावयाचे की थांब म्हणावयाचे यावर मतभेद झाला, तेव्हा काकू म्हणाल्या, "थांब म्हणा." अण्णांनी मान वर केली नाही.

पुढल्या वर्षी महालक्ष्म्या कोठे, हे कोणी विचारले नाही. ठाण्याची मंडळी गाडी गाठावयाची म्हणून घाईने निघाली. आम्हीही त्यांच्याच रिक्षातून धर्माबादेस आलो.